माया

गुरुवारी रात्री कपाटातली दांडी कोसळली.
रुवीतला भाड्याचा फ्लॅट,
दांडी घरमालकाची, वजन माझं.
आवाजाने वॉचमन शमसुल वर धावत आला.
पाहतो तर हँगरसकट ढीग,
आणि ढिगाशेजारी मी,
चोरी पकडल्यासारखी.

काळे कुर्ते सात.
दुकानातल्या पिवळ्या उजेडात
सातही वेगळे वाटले होते.
अकरा कपड्यांना किमतीची चिठ्ठी तशीच:
दोन रियाल नऊशे बैसा,
त्यावर लाल रेघ,
खाली दीड रियाल.
म्हणजे मी इतकी वर्षं
लाल रेघा विकत घेत होते.

खोटं कशाला बोलू,
सेलला जायचे ते कपड्यांसाठी नव्हेच.
बाहेर सेहेचाळीस, आत वीस.
शुक्रवारी लॅब बंद,
घरात बोलायला फक्त एसी,
आणि दुकानातली मुलगी विचारायची,
"मॅडम, बऱ्याच दिवसांनी?"
तेवढ्यासाठी एक टॉप.

शमसुल घड्या घालू लागला.
एका कुर्त्याच्या मानेतलं लेबल वाचून थांबला.
"दीदी, हमारा गाजीपुर का है.
मेरी बहन यही बनाती है."
पूर्ण कुर्ता?
"नहीं. सिर्फ बायाँ बाजू जोड़ती है.
दिन भर बायाँ बाजू."
मग त्याने तो इतरांहून
जरा नीट घडी करून ठेवला.

तोच कुर्ता तिसऱ्या धुण्यात काखेत उसवला.
डाव्या.
शमसुलला सांगितलं नाही.

हाय स्ट्रीटच्या मागे मोईदूक्काचं दुकान,
दोन मशिनी, एक पंखा, कालिकतचं कॅलेंडर.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला
आणि कुर्ता आधी उलटा केला.
जग कपडा सुलट पाहून घेतं,
हा माणूस उलटाच पाहतो.
शिवणीवरून अंगठा फिरवत म्हणाला,
"दाब ही नहीं छोड़ा. सुई किधर पकड़ेगा?"

दाब म्हणजे आपली माया.
शिवणीच्या आत राखलेलं
बोटभर जास्तीचं कापड,
अंग भरलं तर सोडायला,
उसवलं तर धरायला.
सतरा वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता.
खेडच्या शिवणवर्गात खेतलेबाई
लाकडी पट्टी आपटून सांगायच्या,
"माया ठेव गं. कापड वाचवशील
आणि कपडा घालवशील."
तेव्हा आम्ही हसायचो.
मोईदूक्काला सांगितलं,
"हमारे में इसको माया बोलते हैं."
तो सुईत दोरा ओवत होता.
"अच्छा नाम है," म्हणाला, आणि दोरा चुकला.

त्या वर्षी कापड एकच घेतलं.
मत्रहच्या बाजारात, जाड सुती, भिजल्या मातीच्या रंगाचं.
मुठीत चुरगळून दहा आकडे मोजले,
मूठ उघडली, सुरकुती हळूहळू निघाली.
शिलाईसकट नऊ रियाल.
नऊ रियालांत सहा टॉप आले असते,
हा हिशोब बोटं अजून आपसूक करतात.
घातला की मात्र बोटं गप्प होतात.
दोन उन्हाळे झाले. गच्चीवर वीस मिनिटांत वाळतो,
रंग थोडा उतरलाय, माझ्यासारखा,
आणि गेल्या महिन्यात
मोईदूक्काने दोन्ही बाजूंनी
माया अर्धा इंच सोडून दिली.
काही विचारलं नाही त्याने.

दांडी नवी बसवलीय. खाली अकरा हँगर रिकामे,
वाऱ्यावर नाही, एसीवर हलतात.
सगळं सुटलं असं मात्र नाही.
परवाच त्या दुकानात शिरले,
लाल रेघेपाशी पाय थबकलेच.
एक कुर्ता काढून उलटा केला,
शिवण चाचपत राहिले.
मुलगी जवळ आली.
"मॅडम, सुलटा असा आहे."
म्हटलं, माहीत आहे.
आणि पहिल्यांदाच तिला नाव विचारलं.

रोवेना. सुट्टी बुधवारी.